कोलोन ते बोखुम : ब्राउहाउस, ब्राटवुर्स्ट आणि फ्राइज

जर्मनीत सॉसेज, फ्राइज आणि गजबजलेला बिअर हॉल हे सगळं एकाच सहलीत साधायचं असेल, तर म्युनिक सोडून पश्चिमेला ऱ्हाइनकाठी जावं. म्युनिकचे हॉल मोठे आणि प्रसिद्ध आहेत, पण तिथे सॉसेजबरोबर बहुधा आंबवलेला कोबी नाहीतर बटाट्याचं सॅलड येतं. कोलोन, ड्युसेलडॉर्फ आणि बोखुम ही तीन शहरं मात्र साध्या लोकल गाडीने जोडलेली आहेत, आणि तिघांची बिअर वेगळी, ग्लास वेगळा, सॉसेजची तऱ्हा वेगळी. इथल्या बहुतेक रीती एकाच कारणातून आल्या आहेत: बिअर काय किंवा फ्राइज काय, समोर आल्यावर काही मिनिटांत संपले पाहिजेत. ग्लास एवढासा का, वेटर न विचारता दुसरा का आणून ठेवतो, फ्राइज कधी मागवायचे, हे सगळं त्यावरून कळत जातं.

वार नीट निवडावेत. मंगळवारी पोचून शुक्रवारी बोखुमला असणं उत्तम. शनिवारी ड्युसेलडॉर्फच्या जुन्या गावात लग्नाआधीच्या पार्ट्या करणाऱ्यांची एवढी गर्दी असते की बसायला जागा मिळणं मुश्किल, आणि सोमवारी बोखुमचं खाण संग्रहालय बंद. त्याहून महत्त्वाचं म्हणजे औद्योगिक प्रदर्शनांच्या तारखा आधी पाहाव्यात. ड्युसेलडॉर्फचं द्रुपा किंवा इंटरपॅक आणि कोलोनचं अनुगा पुण्या-मुंबईच्या कारखानदारांना चांगलं ठाऊक आहे. त्या आठवड्यांत दोन्ही शहरांतली हॉटेलं भरतात आणि भाडी अनेक पटींनी चढतात.

शहरांमधला प्रवास आरई म्हणजे रीजनल एक्स्प्रेसने करावा. जर्मनीभर चालणारं मासिक डॉइचलांड-तिकीट काढलं तर त्यात आरई, एस-बान म्हणजे उपनगरी गाडी, ट्राम, बस सगळं येतं; आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्या येत नाहीत. हे तिकीट दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं, त्यामुळे चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. परदेशी पाहुण्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. महिनाअखेरीची सहल असेल तर सुटी किंवा दिवसभराची तिकिटंच परवडतात.

पहिला दिवस : कोलोन, संध्याकाळचं ब्राउहाउस

मुंबईहून थेट विमान फ्रँकफर्टला उतरतं. विमानतळाच्याच स्टेशनवरून कोलोनला जाणारी आयसीई साधारण एका तासात पोचते. ही वेगवान लाइन २००२ साली सुरू झाली आणि गाडी ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जाते. काही गाड्या नदीपलीकडच्या मेसे-डॉइत्स स्टेशनवरच थांबतात, तेव्हा तिकिटावर मुख्य स्टेशन लिहिलंय का ते पाहून घ्यावं. मुख्य स्टेशनात सामान ठेवायची स्वयंचलित यंत्रणा आहे: बॅग खिडकीत ठेवली की ती जमिनीखाली जाते आणि हातात एक कार्ड येतं. ते कार्ड हरवलं तर बॅग मिळेपर्यंत संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

स्टेशनच्या दाराबाहेर पडलं की समोरच १५७ मीटर उंचीचं कॅथीड्रल. त्याच्या सावलीतच ‘फ्र्यू आम डोम’ हे ब्राउहाउस, म्हणजे ब्रुअरीचा स्वतःचा बिअर हॉल आहे, १९०४ पासूनचं. बिअर आता शहराबाहेरच्या कारखान्यात होते, पण हॉल मूळ जागीच आहे आणि आत एकात एक खोल्या उघडत जातात. पहिल्या संध्याकाळी इथेच जावं; पर्यटक भरपूर असतात हे खरं, पण रीत शिकायला जागा सोपी आहे.

दारातून आत आल्यावरचा पहिला भाग उभ्याने पिणाऱ्यांचा. त्याला श्वेमे म्हणतात. इथे उंच टेबलं आणि पिंप असतं. जेवायचं असेल तर सरळ आत जावं. बऱ्याच जुन्या ब्राउहाउसमध्ये श्वेमे आणि जेवणाच्या दालनाच्या मध्ये लाकूड-काचेची एक छोटी खोली दिसते. मालक किंवा मालकीण तिथे बसून पिंप, गल्ला आणि गिऱ्हाइकं यांच्यावर एकाच वेळी नजर ठेवायची. टेबल लांब असतात आणि अनोळखी माणसांबरोबर बसणं हीच पद्धत आहे. रिकामी खुर्ची दिसली की “इस्ट हिअर नॉख फ्राय?” एवढं विचारायचं आणि मान हलली की बसायचं. कोणी जागा दाखवायला येईल म्हणून दारात ताटकळू नये. ‘रेझर्विअर्ट’ची चिठ्ठी मात्र नीट वाचावी. त्यावर वेळ लिहिलेली असते, आणि साडेसातचं आरक्षण असलेल्या टेबलावर सहा वाजता बसून निवांत जेवून उठता येतं. फक्त आधी सांगावं. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेलं टेबल नेहमीच्या मंडळींचं, तिथे बसायचं नाही.

वेटरला इथे क्योबेस म्हणतात. निळा झगा, कमरेला चामड्याचं पाकीट, हातात क्रान्त्स नावाचा गोल ट्रे. त्याच्या मध्यभागी उंच मूठ आणि भोवती खाचांमध्ये अडकवलेले दहा-बारा अरुंद ग्लास. हा ग्लास म्हणजे श्टांगे, सरळ नळकांड्यासारखा, ०.२ लिटरचा. त्यातली बिअर म्हणजे क्योल्श. पेय फिकट सोनेरी आणि गाळलेलं असतं, अल्कोहोल साधारण ४.८ टक्के. याचं यीस्ट एल या बिअरच्या प्रकारासारखं उबदार तापमानात काम करतं, पण नंतर बिअर लागर या दुसऱ्या प्रकारासारखी थंडीत मुरवतात, म्हणून फळांचा किंचित वास येतो आणि तरी चव स्वच्छ राहते. कोलोनच्या बिअरवाल्यांनी १९८६ मध्ये करार करून क्योल्श कशाला म्हणायचं आणि ती कोणत्या ग्लासात द्यायची हे ठरवून टाकलं. १९९७ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही आहे, त्यामुळे कोलोन आणि जवळपासचा परिसर सोडून कुणालाही हे नाव लावता येत नाही.

ग्लास एवढा छोटा का, ते पिंपाकडे पाहिल्यावर समजतं. चांगल्या ब्राउहाउसमध्ये बिअर गॅसच्या दाबाने ढकलत नाहीत. काउंटरवर पिंप आडवं किंवा उभं ठेवतात, तोटी ठोकतात आणि बिअर आपल्या वजनाने खाली येते. त्सापेस म्हणजे पिंपावरचा माणूस तोटी बंद न करता एकामागून एक ग्लास धारेखाली सरकवत जातो. अशा बिअरमध्ये बुडबुडे मुळातच कमी, आणि फेस चार-पाच मिनिटांत बसतो. अर्ध्या लिटरचा ग्लास असता तर शेवटचा तिसरा हिस्सा कोमट आणि मवाळ झाला असता. ०.२ लिटर मात्र फेस टिकेपर्यंत संपतो.

म्हणूनच क्योबेस रिकामा ग्लास पाहिला की न विचारता भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर, म्हणजे बिअरडेकलवर, पेन्सिलीने एक रेघ ओढतो. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. हीच तुमच्या बिअरची नोंद. ती चकती खिशात घालू नये, तिच्यावर चित्रं काढू नयेत, फाडू नये. थांबायचं असेल तर शेवटच्या घोटाला चकती ग्लासावर ठेवायची. नुसतं “नको, नको” म्हणून उपयोग नाही. गर्दीच्या वेळी तो ऐकायला थांबत नाही आणि तोपर्यंत रेघ पडलेली असते. अर्धा ग्लास शिल्लक असताना चकती ठेवली तरी चालतं.

ग्लास छोटे असल्याने हिशोब निसटतो, हा इथला खरा धोका. एका श्टांगेत साधारण साडेसात ग्रॅम अल्कोहोल असतं. पाच रेघा म्हणजे एक लिटर, आणि गप्पांच्या ओघात पाच रेघा तासाभरात पडतात. दोन रेघांनंतर जेवण मागवावं आणि आपल्याला झेपेल तिथेच चकती ठेवावी.

क्योबेसचं बोलणं थोडं तिरकस असतं. साधं पाणी मागितलं तर टोमणा मिळण्याची शक्यता आहे. तो अपमान समजू नये, हसून उत्तर द्यावं. दारू न पिणाऱ्यांसाठी आप्फेलशोर्ले, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा, किंवा बिनअल्कोहोलची क्योल्श मागावी. नळाचं पाणी फुकट देण्याची पद्धत या भागात नाही, बाटलीचंच येतं.

पहिल्या दिवशी खायला साधी ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजलेलं सॉसेज सांगावं. तिच्याबरोबर मूळ पद्धतीत ब्राटकार्टोफेल्न, म्हणजे उकडून चकत्या करून कांद्यावर परतलेले बटाटे येतात. फ्राइज हवे असतील तर “मिट पोमेस, बिटे” असं मागवतानाच सांगायचं; बहुतेक ठिकाणी बदलून देतात, कधी थोडे जास्त पैसे घेतात. रात्री आठला हॉल तुडुंब असताना फ्राइज मागवू नयेत. स्वयंपाकघरात एकावेळी मोठा घाणा निघतो, ताटं दिव्याखाली ओळीने थांबतात आणि सॉसेज तयार होईपर्यंत फ्राइज मऊ पडतात. दुपारी अडीच ते साडेपाच ही वेळ सगळ्यात चांगली, फक्त दारावर ‘डुर्शगेहेंड वार्मं क्युशं’ लिहिलेलं पाहावं. त्याचा अर्थ स्वयंपाकघर मध्ये बंद होत नाही.

पैसे देताना क्योबेस “त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?” विचारतो, एकत्र की वेगवेगळं. चकती त्याच्यापुढे सरकवायची. बक्षिसी टेबलावर ठेवून निघून जायची पद्धत नाही. ३७ युरो ४० सेंट झाले तर पैसे हातात देतानाच “फिअरत्सिश”, म्हणजे चाळीस, असं बोलायचं. रोख रक्कम जवळ असावीच. कार्ड चालेल अशी पाटी असली तरी ती कधी कधी फक्त जर्मन बँकांच्या कार्डापुरती असते.

दुसरा दिवस : कोलोनच, पण खोलात

सकाळी कॅथीड्रलचा दक्षिण मनोरा चढावा. ५३३ पायऱ्या, वाट अरुंद, वर येणारे आणि खाली उतरणारे एकाच जिन्यात. उघडण्याच्या वेळेला गेलं तर धक्काबुक्की टळते. नाश्ता हलकाच ठेवावा.

दुपारी हॉयमार्क्टच्या टोकाला ‘माल्त्सम्यूले’. १८५८ पासूनची ब्रुअरी, आणि १९९९ मध्ये जी-८ परिषदेच्या वेळी बिल क्लिंटन इथे जेवून गेले. इथली क्योल्श फ्र्यूपेक्षा जरा गोडसर, धान्याची चव पुढे असलेली. इथे ‘हिमेल उन एएड’ खाऊन पाहावं: कुस्करलेला बटाटा, सफरचंदाचा शिजवलेला गर, तळलेला कांदा आणि वर फ्लोन्त्सच्या जाड चकत्या. फ्लोन्त्स हे रक्तापासून केलेलं सॉसेज आहे, डुकराचं. तव्यावर दोन्ही बाजूंनी परतल्यावर कड कुरकुरीत आणि आत लोण्यासारखं मऊ झालं पाहिजे. मंद आचेवर केलं तर ते फुटून पसरतं आणि सगळं ताट काळपट लगद्याचं होतं. तसं आलं तर स्वयंपाकघराला घाई होती एवढं समजावं. सफरचंदाचा आंबटगोडपणा आणि सॉसेजचा तेलकट खारेपणा एकाच घासात घ्यायला हवा, वेगवेगळं खाल्लं तर पदार्थ कळतच नाही.

मांसाचं काय, हा प्रश्न आपल्याकडच्या बहुतेकांना पडतो आणि तो मागवायच्या आधीच विचारावा. श्वाइन म्हणजे डुक्कर, रिंड म्हणजे गाय-बैल, काल्ब म्हणजे वासरू, गेफ्ल्यूगेल म्हणजे कोंबडी-टर्की. या भागातली साधी ब्राटवुर्स्ट बहुधा डुकराची असते, पण काही ठिकाणी तिच्यात काल्ब मिसळतात, आणि रिंड्सवुर्स्ट पूर्ण गोमांसाची. झाउअरब्राटेन हा ऱ्हाइनकाठचा प्रसिद्ध पदार्थही आता बहुतेक ठिकाणी गोमांसाचा असतो. हलाल हवं असेल तर ब्राउहाउसमध्ये ते मिळणार नाही असं धरून चालावं.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण न दिसणाऱ्या मांसाची आहे. ब्राटकार्टोफेल्नमध्ये बेकनचे बारीक तुकडे असतात, “ओने श्पेक” म्हणून सांगावं लागतं. आंबवलेला कोबी बऱ्याचदा बेकनबरोबर शिजवतात. बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचा रस्सा असू शकतो. फ्राइज वेगळ्या तेलात तळतात की श्निट्सेलच्या, म्हणजे तळलेल्या मांसाच्याच कढईत, हेही विचारावं. निर्धास्त मागवावं असं एकच: ‘हाल्वर हान’. नावाने कोंबडीचा भास होतो, पण येतो तो राय या धान्याचा पाव, गौडा चीजचा जाड तुकडा, कांदा, लोणी आणि मस्टर्ड. क्योल्शबरोबर याच्यासारखं दुसरं काही नाही, मांसाहाऱ्यांनीही खावं. बटाट्याचे किसून तळलेले राइबेकूखेन सफरचंदाच्या गराबरोबर मिळतात. त्यांत अंडं असतं.

संध्याकाळ ‘पेफगेन’साठी राखून ठेवावी. फ्रीजेनश्ट्रासवर, १८८३ पासून. बिअर याच आवारात होते आणि बाटलीत भरली जात नाही, त्यामुळे तिची चव घ्यायला पिंपाजवळच जावं लागतं. तिन्हींमध्ये हीच कडू, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा वास ठळक. घासून पांढरी पडलेली लाकडी टेबलं, साधी यादी, आवाज मात्र छताला भिडणारा. शेजारच्याशी बोलायचं तर कानाजवळ जावं लागतं. सातच्या आत पोचावं.

तिसरा दिवस : ड्युसेलडॉर्फ आणि मस्टर्डचा झणका

कोलोनहून ड्युसेलडॉर्फ चाळीसेक किलोमीटर, आरईने अर्धा तास. स्टेशनवरून जुन्या गावात जायला यू-बान म्हणजे भुयारी गाडी घ्यावी, ‘हाइनरिश-हाइने-आले’ला उतरावं. अर्ध्या चौरस किलोमीटरमध्ये अडीचशेच्या वर बार आणि खाण्याच्या जागा आहेत. त्यांतल्या बहुतेकांकडे पाठ फिरवून फक्त स्वतःची बिअर बनवणारी घरं गाठावीत.

इथली बिअर म्हणजे आल्ट: तांबूस, भाजलेल्या धान्याची चव, वर घट्ट फेस. यीस्टची पद्धत क्योल्शसारखीच उबदार तापमानाची, फक्त माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेलं धान्य, जास्त भाजलेलं. ग्लास आखूड आणि थोडा जाड, बहुधा ०.२५ लिटरचा. चकतीवरच्या रेघा आणि न विचारता येणारा ग्लास, दोन्ही इथेही तसेच. क्योल्श मात्र मागू नये. दोन्ही शहरांची चढाओढ जुनी आहे आणि ती गंमतीत घेतली जात असली तरी टेबलावरचे सगळे वळून पाहतात.

पहिला मुक्काम ‘युरिगे’, बेर्गर श्ट्रासच्या कोपऱ्यावर, १८६२ पासून. ही सगळ्यात कडू आल्ट. पहिला घोट जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो आणि काहींना नको वाटतो. तिसऱ्या घोटापर्यंत थांबावं, मग आतली भाजलेल्या धान्याची गोडी वर येते. दर वर्षी जानेवारी आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी इथे श्टिके नावाची जास्त तीव्र आल्ट निघते. ज्यांना तारखा जुळवता येतील त्यांनी जरूर जुळवाव्यात, पण दुपारीच पोचावं. खायला गरम ताटांपेक्षा थंड गोष्टी जास्त: सॉसेजचे तुकडे, चीज, पाव. पोटभर जेवायचं असेल तर ‘श्ल्यूसेल’ला जावं, बोल्करश्ट्रासवर, तिथे हॉलच्या मागच्या भागात बिअर बनवायच्या तांब्याच्या किटल्या दिसतात. राटिंगर श्ट्रासवरच्या ‘फ्यूक्सशेन’मध्ये मांसाचे पदार्थ सगळ्यात भरभक्कम. कडूपणा अजिबात नको असेल तर ओस्टश्ट्रासवरचं ‘शूमाखर’, १८३८ पासूनचं, मऊ आणि माल्टी. चारही एका दिवसात करू नयेत, दोन पुरेत.

ड्युसेलडॉर्फला यायचं दुसरं कारण मस्टर्ड. जर्मनीतला पहिला मस्टर्डचा कारखाना १७२६ मध्ये इथेच निघाला, आणि आजचा ‘लोवेनझेन्फ एक्स्ट्रा’ हा टेबलावर दिसणारा सगळ्यात तिखट प्रकार. याचा तिखटपणा मिरचीसारखा जिभेवर बसत नाही. तो थेट नाकातून वर जातो आणि दहा सेकंदांत विरतो. मोहरीचा दाणा थंड पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये वाटला की त्यातलं एन्झाइम जागं होतं आणि त्यातून झणका तयार होतो. उष्णतेने ते एन्झाइम मरतं, म्हणून आपल्या फोडणीत तडतडलेल्या मोहरीला खमंगपणा येतो पण झणका येत नाही. ताटातही उष्णता झणक्याची वैरीच. धूर निघणाऱ्या सॉसेजवर मस्टर्ड पसरून ठेवलं तर पाच मिनिटांत ते नुसतं आंबट लागतं. ताटाच्या कडेला हरभऱ्याएवढं घ्यावं, तुकडा कापावा, टोक त्यात टेकवावं आणि लगेच खावं. पहिल्यांदा खाणाऱ्याने श्वास तोंडाने घ्यावा.

ब्राटवुर्स्ट ओळखण्याबद्दल थोडं. ‘ग्रोब’ म्हणजे जाडसर दळलेली. कापली की मांसाचे दाणे वेगळे दिसतात. ‘फाइन’ म्हणजे बर्फ घालून अगदी गुळगुळीत वाटलेली; आतून फिकट आणि एकसंध. बर्फ घालण्याचं कारण असं की वाटताना यंत्राच्या घर्षणाने मिश्रण तापलं तर चरबी सुटून बाहेर येते आणि सॉसेज भाजल्यावर रवाळ, कोरडं होतं. चांगली ब्राटवुर्स्ट चिरली की थोडा रस बाहेर येतो आणि कातडी चावताना हलकेच तुटते. ती लांबीने फाटलेली असेल तर आच फार मोठी होती. काट्याने टोचून भाजलेली असेल तर रस आधीच निखाऱ्यावर गेलेला असतो आणि ताटात येतो तो फक्त चोथा. रबरासारखी ताणणारी कातडी म्हणजे ती नीट भाजलीच नाही, नुसती गरम केली.

चौथा दिवस : बोखुम, करीवुर्स्ट आणि फ्राइजचा खरा मुलूख

ड्युसेलडॉर्फहून आरई-१ ने बोखुम. हा रूर खोऱ्याचा भाग, कोळसा आणि पोलादाचा. इथल्या शेवटच्या दगडी कोळशाच्या खाणींपैकी बोट्रोपची प्रोस्पर-हानिएल डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. सकाळी खाण संग्रहालय पाहावं, मुख्य स्टेशनहून यू-३५ ने थेट. हिरवा लोखंडी मनोरा लांबूनच दिसतो, आणि जमिनीखाली खाणीची हुबेहूब प्रतिकृती आहे. तास-दीड तास तरी द्यावाच. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराला झटपट, गरम, खारट, तेलकट आणि उभ्याने खाता येईल असं जेवण का लागत असे, ते ही जागा पाहिल्यावर पटतं.

करीवुर्स्टची सुरुवात बर्लिनची मानतात: ४ सप्टेंबर १९४९ ला हेर्टा हॉयवर यांनी शार्लोटेनबुर्गमधल्या आपल्या टपरीवर टोमॅटो आणि करी पावडरचा सॉस सॉसेजवर ओतला. रूरच्या लोकांना हा दावा फारसा मान्य नसतो, आणि त्यांचं सॉसेज खरंच वेगळं आहे. इथे ब्राटवुर्स्ट जाळीवर भाजतात, दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करतात, वर गरम सॉस ओततात आणि शेवटी कोरडी करी पावडर भुरभुरवतात. हा क्रम महत्त्वाचा. पावडर आधी तेलात टाकली तर हळद आणि मेथी जळून कडवट होतात. सॉसमध्ये टोमॅटो, व्हिनेगर, साखर आणि मसाला. आपल्या जिभेला तो पहिल्यांदा गोडच लागतो. “शार्फ” सांगितलं तर मिरची वाढते. सॉस गार असेल तर सॉसेजची चरबी वर साकळते, तेव्हा भांड्यातून वाफ निघतेय ना हे आधी पाहावं. शहराच्या मध्यात, बेर्मुडा-ड्रायएक या बारच्या तिकोनी वस्तीत, डोनिंगहाउस सॉसेजची जुनी टपरी आहे; दुपारी रांग असते पण ती झरझर पुढे सरकते.

आता फ्राइज. मागवायची भाषा ठरलेली आहे. “पोमेस मायो” म्हणजे वर मेयोनीज, “पोमेस रोट-वाइस” म्हणजे केचप आणि मेयोनीज दोन्ही, त्यालाच “पोमेस श्रांके” म्हणतात, रेल्वे फाटकाच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवरून. “करीवुर्स्ट पोमेस” म्हणजे दोन्ही एकाच ताटात. मेयोनीजमध्ये अंडं असतं. सॉस वर ओतून घेतला तर वरचे फ्राइज दोन मिनिटांत मऊ होतात आणि खालचे कुरकुरीत राहतात. म्हणून छोटी लाकडी काटी वरून खाली चालवावी. “एक्स्ट्रा” म्हटलं तर मेयोनीज वेगळ्या वाटीत देतात, त्याचे थोडे पैसे पडतात पण शेवटचा फ्राय पहिल्यासारखाच लागतो.

चांगला फ्राय दोनदा तळलेला असतो. साधारण एक सेंटिमीटर जाडीचे तुकडे धुऊन वरचा स्टार्च काढतात आणि नीट कोरडे करतात. पहिल्यांदा १४० ते १५० अंशांच्या तेलात पाचेक मिनिटं, म्हणजे आतून शिजतात पण रंग धरत नाहीत. मग निथळून गार करतात. या वेळात आतली वाफ निघून जाते आणि बाहेरचा थर आकसतो. दुसऱ्यांदा १७५ अंशांच्या आसपास दोन-तीन मिनिटं, सोनेरी होईपर्यंत. यापेक्षा जास्त तापमान चालत नाही: तळताना तयार होणारं अ‍ॅक्रिलामाइड हे अपायकारक रसायन कमी राहावं म्हणून युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमात १७५ अंशांची मर्यादा आहे. बटाटा पिठूळ जातीचा लागतो. तो फ्रिजच्या थंडीत फार दिवस राहिला असेल तर स्टार्चची साखर होते आणि फ्राइज आत कच्चे असतानाच बाहेरून तपकिरी पडतात. असे डाग दिसले तर तेलाला दोष देऊ नये, साठवण चुकलेली असते. सगळे मऊ आणि तेलकट असतील तर जाळी ओव्हरलोड केली गेली. एकदम जास्त बटाटे पडले की तेलाचं तापमान घसरतं, कड धरायच्या आत तेल आत शिरतं. बऱ्याच टपऱ्यांवर आधीच एकदा तळून गोठवलेले फ्राइज येतात आणि तिथे फक्त दुसरं तळण होतं. त्यातही वाईट काही नाही, मात्र ते आधीच वितळून पाणी सुटलेले नसावेत.

गाय-बैलाच्या चरबीत तळण्याची रीत शेजारच्या बेल्जियममध्ये जोरात आहे आणि ती सीमेच्या अलीकडेही काही ठिकाणी दिसते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी “इन रिंडरफेट?” एवढं विचारावं, उत्तर “फ्लान्त्सेनओएल” आलं तर ते वनस्पती तेल. पार्सल घेऊ नये. बंद कागदात वाफ कोंडते आणि हॉटेलच्या खोलीवर पोचेपर्यंत उकडलेले बटाटे हातात येतात.

संध्याकाळी त्याच तिकोनी वस्तीत बसून मोरित्स फीगेचं पिल्स, म्हणजे फिकट, कडवट बिअर घ्यावी. १८७८ पासूनची, अजूनही कुटुंबाच्या ताब्यातली इथली ब्रुअरी. हे पिल्स दाबाच्या नळातून, दोन-तीन टप्प्यांत फेस बसू देत भरतात, तेव्हा ग्लास यायला वेळ लागतो आणि इथे कोणी न विचारता दुसरा आणत नाही. हाताने खूण करावी लागते. चकतीवर रेघा मात्र इथेही पडतात. करीवुर्स्टचा गोडवा या कडक, कोरड्या पिल्सवर छान कापला जातो, क्योल्श किंवा आल्टवर तेवढा जात नाही.

परतीला बोखुमहून फ्रँकफर्ट विमानतळापर्यंत आयसीई मिळते. आरईने गेलं तर गाड्या बदलाव्या लागतात आणि अर्धा दिवस जातो. मस्टर्डच्या बाटल्या घेतल्या असतील तर त्या चेक-इन बॅगेतच घालाव्यात. सुरक्षा तपासणीत मस्टर्ड द्रवात मोजतात आणि १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातल्या सामानातून काढून घेतली जाऊ शकते.